बोनसच्या पैशांतून जुनी लष्करी रायफल घ्यावी का?

नाशिकमधील सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी करणाऱ्या ४६ वर्षांच्या वाचकांनी विचारले आहे की, यंदा मिळालेल्या २ लाख ४० हजार रुपयांच्या बोनसमधून १ लाख ६० हजार रुपये जुन्या लष्करी बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीमागे हाताने बोल्ट ओढावा लागणाऱ्या) रायफलीवर खर्च करावेत का. देवळालीकडच्या एका परिचितांनी त्यांना ली-एनफिल्ड, म्हणजे आपली नेहमीची ‘थ्री नॉट थ्री’, देऊ केली आहे. ती निष्क्रिय केलेली आहे असे तोंडी सांगितले असून ‘कागद नंतर करून देतो’ असे आश्वासन दिले आहे. दुसरा पर्याय एका परवानाधारकाच्या .३१५ स्पोर्टिंग रायफलीचा आहे. वाचकांकडे शस्त्र परवाना नाही. घरकर्जाचे ११ लाख रुपये ८.६ टक्के दराने बाकी आहेत, अडीअडचणीसाठी १ लाख ६० हजार बाजूला आहेत, हप्त्यासह घरखर्च दरमहा ५५ हजारांचा आहे आणि मुलगी अकरावीत आहे. परदेशात अशा रायफलींचे भाव चढत गेल्यामुळे ही खरेदी हौसेबरोबरच गुंतवणूकही ठरेल, असे त्यांना वाटते.

गुंतवणुकीचा मुद्दा आधी पाहू, कारण निर्णय त्यावरच बेतलेला दिसतो. सोव्हिएत संघ कोसळल्यावर मोसिन-नागांसारख्या रशियन लष्करी रायफलींचे जुने साठे अमेरिकेच्या बाजारात आले आणि मातीमोल भावाने विकले गेले. साठे आटले तसे भाव वाढले. तिथे विक्रेतेही पुष्कळ, ग्राहकही पुष्कळ आणि लिलावात आलेले भाव सर्वांना दिसतात. आपल्याकडे यातले काहीच नाही. सराफ बाजारात चांदीचे ताट अर्ध्या तासात मोडता येते, रायफल मोडता येत नाही. ती घेणाऱ्याकडे त्याच प्रकारच्या शस्त्राचा परवाना असावा लागतो, आणि शस्त्र कायद्यातील तरतुदीनुसार खासगी मालकाने विक्रीचा इरादा लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. ज्या वस्तूला नाशिक जिल्ह्यात कसेबसे दोन-चार ग्राहक मिळतील, तिचा भाव विक्रेता ठरवत नाही, गरजू नसलेला ग्राहक ठरवतो.

हेच १ लाख ६० हजार कर्जात भरले, तर ८.६ टक्के दराने पहिल्याच वर्षी सुमारे १३ हजार ७०० रुपये व्याज वाचते. सात वर्षांचा हिशेब चक्रवाढीने केला, तर ही रायफल तेव्हा निदान २ लाख ८५ हजारांना गेली पाहिजे, तेव्हा कुठे आपण बरोबरीत येऊ. आणि त्यात परवान्याचे नूतनीकरण, कुलूपबंद लोखंडी कपाट आणि पावसाळ्यातील तेलपाणी धरलेले नाही.

आता देवळालीच्या रायफलीविषयी, आणि इथे मी स्पष्ट शब्दांत नको म्हणतो. थ्री नॉट थ्री ही प्रतिबंधित बोअरची, म्हणजे नळीच्या ज्या मापाची शस्त्रे साध्या परवान्यावर मिळत नाहीत त्या मापाची, रायफल आहे. तिचा परवाना शहरात पोलीस आयुक्तालयातून मिळणाऱ्या साध्या परवान्यासारखा नसतो, त्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी लागते. विनापरवाना प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ आणि कमाल १४ वर्षांचा कारावास आहे. शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या, कालबाह्य किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे हे खरे, परंतु ते शस्त्र दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसले पाहिजे. नुसती फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आघात करणारी पिन, काढलेली रायफल या व्याख्येत बसत नाही. पिन जाणकार कारागीर एका दुपारी परत बसवतो. दुर्मीळ व जुन्या शस्त्रांना २०२० मध्ये गृह मंत्रालयाने काही सवलत दिली आहे, पण विशिष्ट रायफल त्यात मोडते की नाही याचे उत्तर परवाना शाखेकडून लेखी आले तरच त्याला किंमत आहे. ‘कागद नंतर’ या दोन शब्दांत विक्रेत्याची सगळी जोखीम आपल्या माथी येते.

.३१५ चा व्यवहार त्या मानाने सरळ आहे. ही रायफल ली-एनफिल्डच्याच यंत्रणेवर, इशापूरच्या सरकारी कारखान्यात नागरी वापरासाठी बनवली गेली, त्यामुळे ती साध्या परवान्यावर घेता येते. मात्र ती लष्कराने वापरलेली नाही, हे संग्राहकाने मनाशी स्वच्छ ठेवावे. परवान्यासाठी ‘संग्रहाची हौस’ एवढे कारण सहसा पुरत नाही, तेव्हा अर्ज मंजूर होण्याआधी विसारसुद्धा देऊ नये. मंजूर झाल्यास रायफल जाणकाराकरवी उघडून पाहावी: बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी आणि नळीवर कोरलेले क्रमांक एकच आहेत का, आणि नळी उजेडाकडे धरल्यावर आतल्या खाचा चकाकतात की गंजाचे खड्डे दिसतात. क्रमांक जुळत नसतील तर भाव निम्म्यावर आणावा.

वारसांचाही विचार करावा. सिन्नरच्या माझ्या एका अशिलाच्या वडिलांची रायफल त्यांच्या निधनानंतर एका शस्त्रविक्रेत्याकडे जमा राहिली. मुलाच्या नावावर परवाना होईपर्यंत दोन पावसाळे गेले, भाडे चढत राहिले आणि दस्ता फुगून तडकला. शिवाय आता एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाहक्काने आलेल्याही त्यातच मोजल्या जातात.

बोनसची वाटणी मी अशी करीन. सहा महिन्यांचा घरखर्च ३ लाख ३० हजार होतो, म्हणजे अडीअडचणीच्या निधीत १ लाख ७० हजार कमी आहेत. ते आधी भरावेत. उरलेल्या ७० हजारांपैकी ५० हजार मुलीच्या बारावीनंतरच्या प्रवेशासाठी अल्पमुदतीच्या ठेवीत ठेवावेत. उरलेले २० हजार निःशंक मनाने हौसेवर खर्चावेत: ली-एनफिल्डच्या दस्त्यातील खणात बसणारी पितळी तेलाची बाटली, नळी साफ करण्याची दोरी, कातडी पट्टा, काडतुसांचे रिकामे पाऊच, कडेवर सैनिकाचे नाव कोरलेले पहिल्या महायुद्धाचे चांदीचे पदक. यांना परवाना लागत नाही आणि विकताना कोणाला कळवावे लागत नाही. संगीन मात्र विचारून घ्यावी, कारण ९ इंचांहून लांब पात्याला काही ठिकाणी परवाना लागतो आणि तिचे पाते बहुधा त्याहून बरेच लांब असते. देवळालीच्या गृहस्थांना या आठवड्यातच नकार कळवावा, आणि त्यांना काही रक्कम आधीच दिली असल्यास ती बँकेमार्फतच परत मागावी.