कॅलगरीच्या आकाशातला जांभळट पट्टा

तुमचा भाऊ कॅनडातल्या कॅलगरीत असतो, त्याने रात्री डोक्यावरून गेलेल्या जांभळट पट्ट्याचा फोटो पाठवला आणि तुम्ही विचारताय: ऑरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, तर हिरवा असतो, उत्तरेला दिसतो, मग हे काय? विमानाचा धूर?

मलाही पहिल्यांदा धूरच वाटला होता. मी इथेच, कॅलगरी ज्यात येतं त्या अल्बर्टा प्रांतात राहतो. त्या रात्री शहराबाहेर कच्च्या रस्त्यावर गाडी लावून उत्तरेकडे तोंड करून उभा होतो. क्षितिजालगत नेहमीचा हिरवा ऑरोरा मंद चालू होता. मान अवघडली म्हणून वर बघितलं, तर पूर्वेकडून पश्चिमेकडे खडूने ओढावी तशी रेघ! धूर असता तर एव्हाना फिस्कटला असता. डोळ्यांना ती जवळजवळ पांढरीच दिसत होती. हातमोजा दातांनी ओढून काढला, मोबाइल गाडीच्या टपावर टेकवला, तीन सेकंदांचा फोटो घेतला, तेव्हा कुठे जांभळा रंग उमटला. त्यामुळे भावाने फोटोत रंग भरलाय असं लगेच समजू नका. थोड्या वेळाने रेघेच्या खालच्या अंगाला हिरवे उभे दांडे दिसायला लागले, अगदी कुंपणाच्या फळ्यांसारखे. अर्ध्या तासात सगळं गायब.

याचं नाव स्टीव्ह. खरंच! इथले हौशी फोटोवाले आधी याला 'प्रोटॉन आर्क', म्हणजे प्रोटॉनची कमान, म्हणायचे. कॅलगरी विद्यापीठाचे एरिक डोनोव्हन यांनी पबमधल्या गप्पांत त्यांना सांगितलं की प्रोटॉनचा ऑरोरा नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. मग म्हणायचं काय? एका ॲनिमेशनपटात प्राण्यांना समोरचं कुंपण काय आहे ते कळत नाही, म्हणून ते त्याला स्टीव्ह म्हणतात. यांनी तेच उचललं. शास्त्रज्ञांनी त्या अक्षरांत बसणारं लांबलचक इंग्रजी नाव मागाहून जुळवलं. आधी बारसं, मग पत्रिका.

युरोपीय अवकाश संस्थेचा स्वार्म उपग्रह नेमका एका स्टीव्हमधून गेला होता. सुमारे 300 किमी उंचीवर तापमान 3000 अंशांनी चढलेलं, पट्टा जेमतेम 25 किमी रुंद आणि आतला वायू सेकंदाला 6 किमी वेगाने पश्चिमेकडे धावतोय! बाजूच्या वायूचा वेग सेकंदाला 10 मीटर. ऑरोरात वरून आलेले इलेक्ट्रॉन हवेवर आदळतात. 2018 मध्ये एका स्टीव्हच्या वेळची उपग्रहाची मोजणी तपासली, तर तसा मारा सापडला नाही. शिवाय ऑरोराच्या वर्णपटात ठळक रेषा असतात, याचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला, म्हणून तो पांढरट. त्या धावत्या, तापलेल्या वायूतून नेमका उजेड कसा निघतो यावर अजून वाद आहे, आणि हिरव्या फळ्यांचं प्रकरण तर आणखी वेगळं.

मे 2024 च्या सौरवादळात लडाखमधल्या हानलेच्या कॅमेऱ्यांनी टिपलेला तांबडा उजेड आणि हा एक नव्हे. तांबडा रंग खूप उंचावरच्या ऑक्सिजनचा.

भावाला सांगा, मूळ फोटो पुसू नको. वेळ आणि कॅमेऱ्याची दिशा लिहून 'ऑरोरासॉरस' या प्रकल्पाकडे नोंदव. अशा नोंदी तिथे गोळा करतात.