‘डॅमेज’ला हानी, मग ‘फेल्युअर’ला काय?

प्रश्न असा आहे: आघाताने धातू कसा तुटतो याच्या सिम्युलेशनचा अहवाल मराठीत लिहिताना ‘डक्टाइल’, ‘डॅमेज इनिशिएशन’, ‘डॅमेज इव्होल्यूशन’ आणि ‘फेल्युअर’ यांना काय म्हणावे?

डक्टाइलला, म्हणजे तुटण्याआधी ताणला जाणाऱ्याला, ‘तन्य’ शाळेपासून ओळखीचा आहे, तोच ठेवा. ‘चिवट’ नको, चिवटपणा म्हणजे तुटेपर्यंत ऊर्जा शोषण्याची क्षमता, तो टफनेस झाला. डॅमेजला ‘हानी’ चालेल: धातूतल्या अशुद्धीच्या कणांभोवती सूक्ष्म पोकळ्या पडतात, वाढतात, एकमेकींना मिळतात, ती ही हानी. इनिशिएशनला ‘आरंभ’ म्हणा. इव्होल्यूशनला ‘उत्क्रांती’ केलेत तर वाचकाला माकडे आठवतील, साधे ‘हानीवाढ’ म्हणा. फेल्युअरला ‘अपयश’ तर मुळीच नको, ते परीक्षेत येते. त्याला ‘निकामी होणे’ म्हणा, कारण भाग न तुटता नुसता वाकूनही ‘निकामी’ होतो. दुभंगला तरच ‘भंग’.

खरी गफलत होते ती ‘आरंभ’ आणि ‘भंग’ यांत. जॉन्सन-कुक यांच्या १९८५च्या प्रारूपात (धातू कधी तुटेल हे सांगणाऱ्या गणिती सूत्रात) गणनेच्या प्रत्येक पायरीला वाढलेली प्लास्टिक विकृती (भार काढल्यावरही उरणारा ताण, स्ट्रेन) भागिले त्या क्षणीची भंग-विकृती (ज्या विकृतीला धातू तुटतो ती), अशी बेरीज करत जातात. बेरीज १ झाली की एलएस-डायना या सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या १५ क्रमांकाच्या मटेरियलमध्ये तो भंग. अबॅकस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र तो फक्त हानीचा आरंभ; तिथून भंग-ऊर्जा किंवा विस्थापन देऊन हानीवाढ वेगळी सांगावी लागते. म्हणून ‘हानी १ झाली’ एवढेच लिहिणे अर्धवट आहे.

शब्द बरोबर असूनही आकडा दगा देतो, तो डी३चा, म्हणजे भंग-विकृतीच्या सूत्रातल्या एका स्थिरांकाचा. ४३४० पोलादासाठी मूळ सूत्रात डी१ ०.०५, डी२ ३.४४, डी३ उणे २.१२. अबॅकसच्या सूत्रात उणे चिन्ह आधीच आहे, म्हणून तिथे अधिक २.१२ भरायचे. प्रतिबलाची (स्ट्रेसची) त्रिअक्षता, म्हणजे सरासरी प्रतिबल भागिले फॉन मीझेस प्रतिबल (सगळ्या दिशांचे प्रतिबल एका आकड्यात मांडणारे माप), १ असेल, तर वेग व तापमानाचे परिणाम वगळून भंग-विकृती सुमारे ०.४६ येते. चिन्ह चुकले की तीच २८.७! मग गोळी पत्र्यात शिरते, पत्रा च्युइंगगमसारखा ताणतो, तुटत काही नाही.

हानीवाढीत विकृतीऐवजी ऊर्जा किंवा विस्थापन देण्याचे कारण जाळी, म्हणजे गणनेसाठी भागाचे केलेले छोटे तुकडे (घटक). हानीमुळे मऊ होणारा धातू एकाच ओळीतल्या घटकांत विकृती गोळा करतो, त्यामुळे जाळी बारीक केली की भंगाला लागणारी ऊर्जा घटत जाते. अहवालात भंग-विकृतीशेजारी घटकाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहाच.