जुन्या घराच्या भिंतीला जमिनीकडून ओल येते आणि रंग टिकत नाही. भिंतीत रसायन भरून घ्यावे का?

आपण विचारले आहे की, दर्यापूरजवळच्या खेड्यातील आपल्या आजोबांच्या विटामातीच्या घराला पुढच्या भिंतीवर तीन फुटांपर्यंत ओल येते, दोनदा वॉटरप्रूफ रंग लावूनही श्रावणात पोपडे सुटतात, आणि ठेकेदार आता भिंतीला छिद्रे पाडून रसायन भरायचे म्हणतो, तर ते करून घ्यावे का. माझ्या मते करून घेऊ नये. मी याच पट्ट्यात जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे पाहतो. मातीच्या जोडाईत पोकळ्या आणि भेगा इतक्या असतात की, रसायन वाट मिळेल तिकडे जाते आणि पाणी अडवणारा त्याचा सलग थर क्वचितच तयार होतो.

आधी पाणी येते कोठून ते पाहावे. कवेलूंतून किंवा गच्चीतून झिरपणारी ओल वरून खाली येते आणि पाऊस पडला की लगेच दिसते. नळाची किंवा न्हाणीची गळती बाराही महिने एकाच जागी राहते. जमिनीतून चढणारी ओल भिंतभर साधारण सारख्या उंचीवर थांबते आणि तिच्या वरच्या कडेला पांढरा लोणा, म्हणजे मिठाची बुरशीसारखी दिसणारी पूड, फुटतो. आपले वर्णन या तिसऱ्या प्रकाराशी जुळते. तरीही खात्रीसाठी ॲल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. पाणी फॉइलच्या मागे आले तर ओल भिंतीतली आहे, खोलीकडील बाजूवर आले तर ती हवेतली आहे.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात भूजल खारट आहे, म्हणूनच त्याला खारपाणपट्टा म्हणतात. हे पाणी वर्षानुवर्षे भिंतीत चढून वाळत गेले की, पाणी उडून जाते आणि मीठ प्लास्टरमध्ये साठते. हवेतील आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली की साधे मीठ हवेतलेच पाणी ओढू लागते. त्यामुळे पायातून पाणी येणे बंद झाल्यावरही जुलै-ऑगस्टमध्ये तोच डाग पुन्हा दिसतो, आणि घरमालकाला वाटते की दुरुस्ती वाया गेली. मिठाने भरलेले प्लास्टर काढल्याशिवाय हे थांबत नाही.

आता घराबाहेर या. गावात सिमेंटचे रस्ते एकावर एक होत गेल्याने जुन्या घरांची जोती जमिनीत गेली आहेत. आपल्या ओसरीची पायरी रस्त्याला टेकली असेल, तर बरेचसे उत्तर तेथेच सापडले. खिडकीतल्या कूलरचे पाणी उन्हाळाभर भिंतीच्या पायाशी ठिबकते का, आणि न्हाणीचे सांडपाणी कोठे मुरते, हेही पाहावे. भिंतीलगतची माती जोत्याच्या खाली किमान सहा इंच उतरवावी आणि उतार घरापासून दूर द्यावा. रस्त्यामुळे ते जमत नसेल, तर फूटभर रुंदीची उथळ चारी काढून तिच्यात गिट्टी भरावी व तिचे पाणी नालीत सोडावे. चारी पायाच्या तळापेक्षा खोल कधीही नेऊ नये, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि उघडा पडलेला पाया तिच्यासोबत हलतो. या कामात ठेकेदाराला फारसे काही सुटत नसल्याने तो स्वतःहून ते सुचवत नाही.

त्यानंतर भिंतीकडे वळावे. सिमेंट प्लास्टरवर बोटाच्या पेराने ठोकून पाहा. पोकळ आवाज येईल तेथे ते सुटलेले आहे, आणि ते काढले की मागची माती गाळासारखी ओली निघते, कारण सिमेंट व रंग यांनी तिचा वाळण्याचा मार्ग बंद केलेला असतो व कोंडलेले पाणी आणखी वर चढलेले असते. होळीच्या सुमारास आतील प्लास्टर ओलीच्या रेषेपेक्षा फूटभर वरपर्यंत काढावे आणि लोणा कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाकावा. पाण्याने धुतल्यास मीठ पुन्हा आत जाते. बाहेरील सांधे मात्र मृगापूर्वी चुन्याने भरून घ्यावेत, नाहीतर पावसात माती वाहून जाईल. ओलीचा मार्ग बंद झाल्यावर भिंत वाळायला ढोबळमानाने दर इंचामागे महिना लागतो. आपली भिंत चौदा इंचांची असेल तर वर्ष-सव्वा वर्षाची तयारी ठेवावी. आपले ऊन मदत करते, पण घाई टाळावी.

नवे प्लास्टर भिंत वाळल्यावर येणाऱ्या दिवाळीनंतर करावे, कारण चुना थंडीत सावकाश पक्का होतो आणि वैशाखात तडकतो. मिस्त्रीला एक भाग चुना व तीन भाग धुतलेली रेती सांगावी आणि पाणी बोअरचे न घेता नळयोजनेचे घ्यावे. वर फक्त चुन्याची सफेदी द्यावी. पुट्टी, ऑइलपेंट किंवा टाइल्स लावू नयेत.

त्या भिंतीवर स्विचबोर्ड असेल, तर यातील कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी तो वायरमनकडून कोरड्या भिंतीवर हलवून घ्यावा.