पॅकेजिंग म्हणजे खोकी भरणं नव्हे

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, ६१ टक्के, त्याला चिप पॅकेजिंगमध्ये जायचंय आणि तुम्ही विचारताय की पॅकिंगच्या कामाला कशाला पाठवू, कॉम्प्युटरकडे कसं वळवू. मार्कांचं मला काही वाटलं नाही, पण मॅथ्स सुटेपर्यंत त्याची सोल्डरिंग गन कपाटात कुलूप लावून ठेवलीय हे तुम्ही सहज लिहून गेलात, ते वाचून खरंच वाईट वाटलं. जुन्या टीव्हीच्या बोर्डावरचे आयसी, म्हणजे चिप, काढून पायांच्या संख्येप्रमाणे डब्यांत लावणारा पोरगा आहे तो, हेही तुम्हीच लिहिलंय, तक्रार म्हणून! अहो, ही गोडी क्लास लावून येत नाही. गन आजच परत द्या, आधी ते करा.

आता पॅकेजिंग. चिपच्या आतला सिलिकॉनचा तुकडा नखापेक्षा लहान असतो, तो धातूच्या फ्रेमवर चिकटवायचा, साधारण २५ मायक्रॉनच्या, म्हणजे केसाहून बारीक सोन्याच्या किंवा तांब्याच्या तारेने पायांना जोडायचा, मग वरून काळं इपॉक्सी. उष्णता बाहेर कशी काढायची तेही इथेच ठरतं. ७८०५ला, म्हणजे व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणाऱ्या आयसीला, १२ व्होल्ट देऊन ५ घेतले आणि अर्धा अँपिअर ओढला की साडेतीन वॉट नुसती उष्णता होते, ती मागच्या पत्र्यातून हीटसिंकला (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या तुकड्याला) गेली नाही तर आयसी तापून स्वतःच बंद पडतो. हे गणितच आहे, त्याला या वाटेने मॅथ्स शिकवा, बघा सुटतं की नाही.

पुढे डायरेक्ट सेकंड इयर, म्हणजे डिप्लोमानंतर थेट इंजिनिअरिंग डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश, आहेच, त्यात इलेक्ट्रॉनिक्सच हवं असंही नाही, मेकॅनिकल आणि मटेरियलवालेही या कामात लागतात. मात्र या कामाचे कारखाने जिथे आहेत तिथे, गुजरातेत साणंद नाहीतर आसामात जागीरोड, जायची तयारी ठेवा, आणि डिप्लोमावर सुरुवात बहुतेक शिफ्टमध्ये मशीनवरच होईल, हे त्याच्यापासून लपवू नका.

आज जेवणं झाली की त्याला एवढंच विचारा, आर्डुइनो या शिकाऊंच्या बोर्डावरचा एटीमेगा ३२८पी हा आयसी डिप नावाच्या लांबट पॅकेजमध्ये २८ पायांचा आणि चपट्या चौकोनी पॅकेजमध्ये ३२ पायांचा का असतो, जास्तीच्या पायांवर काय मिळतं? तो बोलायला लागला की मध्ये बोलू नका.