हॅश बदलता येतो, की नाही

प्रश्न : ताई, आमच्या रुग्णालयात आतल्या सर्व्हरवर ब्राउझर रोज लाल इशारा दाखवतो आणि सगळे तो न वाचताच पुढे जातात. म्हणून विंडोज सर्व्हरवर स्वतःची सर्टिफिकेट ऑथॉरिटी (सर्व्हरची ओळख पटवणारी सर्टिफिकेटं सही करून देणारी यंत्रणा) उभारतोय. उभारणीतल्या क्रिप्टोग्राफीच्या पानावर प्रोव्हायडर (की बनवून सांभाळणारा सॉफ्टवेअरचा भाग), कीची म्हणजे सहीच्या गुप्त किल्लीची लांबी आणि हॅश विचारतात. सगळीकडे सर्वांत मोठा आकडा निवडू का? — एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : त्या पानावर थांबलात, हे फार बरं केलंत. हॅश म्हणजे मजकुरावरून काढलेला छोटा ठसा, सही त्यावर होते. तो नंतर एका कमांडने बदलता येतो. पुढची सर्टिफिकेटं नव्या हॅशने निघतात. कीचा प्रकार किंवा लांबी बदलायची म्हणजे मात्र नवी की, नवं मूळ सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर यंत्रं बाकीची सर्टिफिकेटं मानतात), आणि ते प्रत्येक यंत्रावर पुन्हा बसवणं. तेव्हा डोकं कीसाठी खर्च करा.

हॅश शा-२५६ घ्या. यादीत एमडी५ आणि शा-१ अजूनही दिसतील, ते घेऊ नका. एमडी५च्या कच्चेपणावर २००८ साली संशोधकांनी चक्क बनावट ऑथॉरिटी तयार करून दाखवली होती. २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची संशोधन संस्था सीडब्ल्यूआय आणि गूगल यांनी एकच शा-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ जगापुढे ठेवल्या.

मूळ ऑथॉरिटीची, म्हणजे सर्वांत वरच्या ऑथॉरिटीची की आरएसए पद्धतीची, ४०९६ बिटांची ठेवा. एवढ्या लांब कीने सही करायला वेळ लागतो, पण मूळ ऑथॉरिटी वर्षाकाठी किती सह्या करणार? प्रोव्हायडर ज्याच्या नावात ‘की स्टोरेज’ आहे तोच. ईसीडीएसए ही सहीची दुसरी पद्धत उत्तम आहे, तिची की लहान आणि सही जलद. पण रुग्णालयातली जुनी यंत्रं ती ओळखतीलच असं नाही.

हे अनुभवाने सांगते. पलासियाजवळच्या एका दवाखान्यात मी सीएपॉलिसी फाइल (ऑथॉरिटी उभारताना विंडोज वाचतं ती सेटिंगची फाइल) जुन्या नमुन्यावरून उतरवली. त्यात ‘अल्टरनेट सिग्नेचर अल्गोरिदम’ समोर १ होता. मूळ सर्टिफिकेटवर पीएसएस पद्धतीची (आरएसए सहीच्या नव्या प्रकारची) सही पडली आणि नोंदणी खिडकीवरचे स्कॅनर, दोन प्रिंटर ते मानेनात. बाहेर पेशंटची रांग, आत मी एकेक यंत्र उघडतेय. तिथे ० लिहून मूळ सर्टिफिकेट नव्याने काढलं, आणि सगळ्या यंत्रांवर परत बसवायला तीन रात्री गेल्या. ती ओळ तुमच्या फाइलमध्ये आधी बघा.

मुदतीच्या रकान्यात आधीच ५ वर्षं भरलेली असतात. मूळ ऑथॉरिटीला २० आणि रोजची सर्टिफिकेटं देणाऱ्या दुसऱ्या ऑथॉरिटीला १० द्या, कारण खालच्या सर्टिफिकेटची मुदत वरच्याच्या पुढे जाऊ शकत नाही. मुळाचं यंत्र नेटवर्कला जोडू नका. काम झालं की बंद करून कुलपात ठेवा.

खरी उभारणी करण्याआधी याच सेटिंगची एक तात्पुरती ऑथॉरिटी काढा. एक्स-रेचा संगणक, लॅबचं यंत्र, सर्वांत जुना प्रिंटर, डॉक्टरांचे फोन, प्रत्येकावर एकेक सर्टिफिकेट चालवून बघा. कुठलं अडलं तर मॉडेलसकट मला कळवा.