बालीहून बोरोबुदूर टूरशिवाय, एका दिवसात करता येतं का? आणि वरचे स्तूप बघून झाल्यावर तिथे बघण्यासारखं काय उरतं?

टूरशिवाय जमतं, अगदी आरामात जमतं. पण बोरोबुदूर हे प्राचीन बौद्ध स्मारक शेजारच्या जावा बेटावर आहे, तिथे बालीहून सकाळी जाऊन रात्री परत, हे मात्र करू नका. तुमच्या प्रश्नाचे दोन भाग इथेच संपले. मी लिहायला बसले ती तिसऱ्या भागामुळे: "वर जाऊन स्तूपांचे फोटो काढून झाले की बोरोबुदूरला आणखी काय उरतं?"

हे वाक्य आमच्या घरात मी कितीतरी वर्षं ऐकतेय. आमचे दाजी, मोठ्या बहिणीचे यजमान, दर लग्नात आणि दर दिवाळीत ते म्हणतात. "सगळ्या भिंतींवर तेच तेच कोरलंय, एक बघितलं की झालं. खरी मजा वर." तुम्हाला उत्तर देताना त्यांनाही देऊन टाकते.

पहिल्यांदा आम्ही सगळे टूरबरोबर गेलो होतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. बाली, आणि त्याला शेपूट म्हणून जावा. जावातल्या योग्यकार्ता शहराहून सकाळी बस निघाली, वाटेत चांदीच्या दुकानात थांबली, मग बाटिकच्या दुकानात थांबली. बोरोबुदूरला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. टूर मॅनेजरने छत्री उंच धरली आणि सांगितलं, सरळ वर चला, तासाभरात बसपाशी. सगळी मंडळी धापा टाकत उभे जिने चढली. वर गेल्यावर काय, तर एका स्तूपाच्या जाळीतून हात घालून आतल्या मूर्तीला स्पर्श झाला की इच्छा पुरी होते म्हणून रांग! बुद्धाकडे नवस मागायची रांग. मला ते तेव्हाही सहन झालं नाही, आजही होत नाही. आता तसा हात घालायला बंदी आहे आणि ते फार चांगलं झालं.

आईचे गुडघे दुखत होते, म्हणून ती पहिल्याच सज्जात, म्हणजे वास्तूभोवती फिरणाऱ्या कोरीव भिंतींच्या वाटेत, थांबली. मी तिला बघायला खाली उतरले तर ती भिंतीला नाक लावून उभी. "अगं, ही महामाया आहे." खरंच होती, सिद्धार्थाची आई. राणी पलंगावर निजलेली, भोवती दासी, आणि वरच्या कोपऱ्यात कमळांवर पाय ठेवून उतरणारा छोटासा हत्ती. आई पुढच्या शिल्पाकडे सरकली, तेवढ्यात खालून हाका सुरू झाल्या. बस निघायची वेळ. परतीच्या विमानात आई एवढंच म्हणाली, "पुढचं बघायचं राहिलं."

तर उरतं काय, ते सांगते. बोरोबुदूरवर २,६७२ शिल्पपट आहेत. त्यातले १,४६० गोष्ट सांगणारे, बाकीचे नक्षीचे. खाली सहा चौकोनी थर, त्यावर तीन गोल, आणि सगळ्यात वर मोठा स्तूप. ज्यांचे फोटो सगळे काढतात ते जाळीचे ७२ स्तूप त्या तीन गोल थरांवर आहेत. म्हणजे फोटोत दिसतो तो शेवट. पूर्वेच्या दारातून आत शिरायचं, डावीकडे वळायचं, वास्तू उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालायची, एक सज्जा संपला की वरच्यात जायचं. पहिल्या सज्जाच्या मुख्य भिंतीवर वरच्या ओळीत १२० पटांमध्ये ललितविस्तर या जुन्या बौद्ध ग्रंथातलं बुद्धचरित्र आहे, ते सारनाथच्या पहिल्या प्रवचनाशी थांबतं. त्याच्या खालच्या ओळीत आणि समोरच्या कठड्यावर जातकं आणि अवदानं, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या आणि इतर पुण्यवंतांच्या गोष्टी. त्याच्या वरच्या सज्जांमध्ये गंडव्यूह या ग्रंथातला सुधन नावाचा तरुण गुरूमागून गुरू करत हिंडतो. आठव्या-नवव्या शतकात शैलेंद्र राजांच्या काळात हे सगळं काळ्या अँडेसाइट दगडात कोरलंय. ज्याला हे "तेच तेच" वाटतं त्याने ते बघितलेलं नाही, एवढंच मी म्हणेन.

दुसऱ्या वेळी मी आणि आई दोघीच गेलो, २०१८ साली. दाजींनी घर डोक्यावर घेतलं होतं. बाईमाणसं, त्यात म्हातारी आई, भाषा येत नाही, खायचे हाल, काही झालं तर कोण धावून येणार? ताईसुद्धा त्यांच्याच बाजूने. मी बोरोबुदूर गावातच एका घरगुती होमस्टेत खोली घेतली, तिथून प्रवेशद्वार चालत जाण्याएवढं जवळ. तेव्हा आत कितीही वेळ थांबता यायचं. दारावरच परवाना असलेले एक वयस्क गाईड केले. त्याच भागातले, मुसलमान गृहस्थ, ललितविस्तर तोंडपाठ. ते इंग्रजीत सांगायचे, मी आईला मराठीत.

आमची आई सातवी शिकलेली. पण औरंगाबादला आमच्या विहारात दर वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, बाबासाहेबांच्या बुद्धचरित्राचं वाचन होतं, आणि तिने ते इतक्या वेळा ऐकलंय की मी एखादा शब्द चुकले तर ती तिथल्या तिथे दुरुस्त करते. रथातून सिद्धार्थ बाहेर पडतो आणि म्हातारा, आजारी, मेलेला आणि संन्यासी असे चौघे दिसतात, ते चार पट ओळीने आहेत. गाईड मन लावून सांगत होते. म्हातारा काठी टेकत उभा, कुणीतरी त्याला हाताला धरलेलं. आई म्हणाली, "त्यांना सांग, हे बाबासाहेबांनी मान्य केलेलं नाही."

मी जरा टाळलं. तिने दंडाला धरून पुन्हा सांगितलं. मग मी भाषांतर केलं: एकोणतीस वर्षांचा होईपर्यंत माणसाने म्हातारपण, आजार, मरण कधी बघितलंच नाही, हे बुद्धीला पटत नाही. गाईडनी विचारलं, मग त्यांनी घर का सोडलं? आई तिथेच दगडी कठड्याला टेकून सांगायला लागली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून सिद्धार्थाचे शाक्य आणि शेजारचे कोलीय यांचं भांडण, शाक्यांच्या संघाचा, म्हणजे सभेचा, युद्धाचा ठराव, सिद्धार्थाने केलेला विरोध, आणि मग लढाई टाळायला स्वतःच परिव्रज्या घेऊन निघून जाणं. मी वाक्यावाक्याला थांबवून इंग्रजीत सांगत होते. ते गृहस्थ टोपी काढून ऐकत होते. म्हणाले, पाटाच्या पाण्यावरून भांडणं आमच्या गावातही होतात, हे कारण मला जास्त समजतं. मग त्यांनी आईला पुढचा प्रश्न विचारला, आणि तिथून पुढे कोण कुणाला दाखवतंय ते कळेना. सिद्धार्थाचा कंथक घोडा आईने आधी ओळखला. तलवारीने केस कापणारा सिद्धार्थ आईने आधी ओळखला. सुजाताची खीर ओळखल्यावर तिने हात जोडले. बुद्धाला मोहात पाडू बघणाऱ्या माराची फौज आली तेव्हा म्हणाली, "ही अजिंठ्याला आहे." बरोबर. २६ नंबरच्या लेण्यात डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, त्याच भिंतीवर पुढे मारविजय कोरलाय. सगळे निजलेल्या बुद्धाचा फोटो काढून बाहेर पडतात, त्याच्याकडे कुणी बघत नाही.

त्या दिवशी आम्ही वर गेलोच नाही. पहिल्या सज्जाची एक प्रदक्षिणा, तीही मध्ये मध्ये बसत, एवढीच झाली. खाली उतरल्यावर आग्नेय कोपऱ्याशी गेलो. बोरोबुदूरचा मूळ पाया नंतरच्या दगडी ओट्याखाली झाकलेला आहे. तो १८८५ साली सापडला, त्यावरचे १६० कर्मविभंगाचे पट उघडून फोटो काढले आणि पुन्हा झाकले. या एका कोपऱ्यात मात्र थोडे उघडे आहेत. बऱ्या-वाईट कर्माची फळं आहेत ती. झाकलेल्या पटांचे फोटो आवारातल्या कर्मविभंग संग्रहालयात बघायला मिळतात. एका पटात मासे आणि कासवं शिजवणारी माणसं आहेत आणि त्यांच्या बाजूला तीच माणसं नरकात उकळताहेत. आईला हेही पटलं नाही, नरक-बिरक नाही म्हणाली, पण कासवं फार छान कोरलीत असंही म्हणाली.

दाजी विचारतात, एवढ्या लांब जाऊन आईला वरचं दाखवलं नाहीस? नाही दाखवलं. तिला नको होतं. ती आजही विहारात बायकांना ते १२० पट सांगते. टूरमधल्या एकाही माणसाला, दाजींना धरून, तिथलं एक शिल्प आठवत नाही. स्तूपांवरून दिसलेला मेरापी ज्वालामुखी तेवढा आठवतो. तो दिसतो खरा सुंदर, पण मेरापी बघायला दुसऱ्या जागा आहेत.

आता तुमच्या कामाचं. मी गेले तेव्हाचे नियम आज राहिलेले नाहीत. कोविडच्या साथीनंतर वास्तूवर, म्हणजे सज्जांमध्येसुद्धा, चढायला दिवसाला १,२०० माणसांची मर्यादा घातली. वेळ ठरवून तिकीट घ्यायचं, ठरलेल्या गटाबरोबर आणि गाईडबरोबरच चढायचं, साधारण तासाभरात उतरायचं. पायात त्यांनी दिलेल्या विणलेल्या 'उपानत' चपला, बुटांनी दगड झिजू नये म्हणून. काहींना हा जाच वाटतो. मला नाही वाटत. १९७५ ते १९८२ मध्ये दहा लाखांहून जास्त दगड सुटे करून, आत पाण्याचा निचरा करून ती वास्तू पुन्हा उभी केली आहे, ती आपल्या बुटांखाली घालवायची नाही. २०२२ साली परदेशी माणसाला शंभर डॉलर तिकीट लावायचं चाललं होतं, ते विरोधामुळे बारगळलं. सध्या परदेशी प्रौढाला चढण्यासह ४,५५,००० रुपिया, म्हणजे आपले अडीच हजारांच्या आसपास. फक्त आवारात फिरायचं तिकीट थोडं कमी आहे. दर बदलतात, निघायच्या आधी बघा.

म्हणजे एकटे गेलात तरी वर एकट्याने चढता येणार नाही. मग टूरच का नको? कारण टूरवाले तो तास वर घालवतात. तुम्ही स्वतःचं तिकीट काढलंत तर गट जमतानाच गाईडला सांगा की मला पहिल्या सज्जात जास्तीत जास्त वेळ हवा. गटातल्या बाकीच्यांशीही बोला, बहुतेक जण तयार होतात, कारण त्यांना तिथे काय आहे ते कुणी सांगितलेलंच नसतं. आणि दोन दिवसांची दोन तिकिटं काढा. पहिल्या दिवशी खालचं, दुसऱ्या दिवशी हवं तर वरचं. बालीतला एक बीच कमी करा आणि हे करा.

बाली ते योग्यकार्ता विमानाने सव्वा-दीड तास. नवीन विमानतळ शहराबाहेर कुलोन प्रोगोला आहे. जावाचं घड्याळ बालीच्या एक तास मागे. योग्यकार्ता ते बोरोबुदूर चाळीसेक किलोमीटर, गाडी किंवा ग्रॅब (ॲपवरची टॅक्सी) सहज मिळते. मुक्काम गावातच करा, शहरात नको.

वाटेतलं मेंदुत चुकवू नका. लहानसं देऊळ, आत तीन मीटर उंच बुद्ध पाय खाली सोडून बसलेला, हात धर्मचक्र मुद्रेत, एका बाजूला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, दुसऱ्या बाजूला वज्रपाणी. वेरूळचं १० नंबरचं लेणं बघितलं असेल तर आत शिरताच पाय थबकतील, तिथलाही बुद्ध असाच पाय सोडून बसलाय. आई तिथे मांडी घालून बसली आणि मोठ्याने त्रिशरण पंचशील म्हटलं. कुणी हटकलं नाही, उलट दारातली दोन-तीन माणसं गप्प उभी राहिली. बुद्धपौर्णिमेची मिरवणूक इथूनच निघते, पावोन देवळावरून बोरोबुदूरपर्यंत.

काही गोष्टी राहिल्या. सोमवारी वर चढणं बंद असतं, तारीख ठरवताना बघा. जिने उभे आहेत, पायऱ्या उंच, गुडघ्याचा त्रास असेल तर माझ्या आईचा मार्ग धरा. नोव्हेंबर ते मार्च पाऊस, ओला दगड निसरडा होतो. शाकाहारी असाल तर टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), टोफू, गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या) आहे, पण तिखटात बहुतेक वेळा कोळंबीची पेस्ट असते, तिला 'तेरासी' म्हणतात, 'तानपा तेरासी', म्हणजे तेरासीशिवाय, असं सांगायचं. कुरडईसारखे कुरकुरीत क्रुपुकही बरेचदा कोळंबीचेच असतात. आणि सोबत फारच लहान मुलं असतील, किंवा हातात खरंच एकच दिवस असेल, तर टूर घ्या, मी अडवणार नाही. फक्त बुकिंग करताना लेखी विचारा की पहिल्या सज्जात किती वेळ देणार, आणि वाटेत दुकानं किती.