नीट हुकली, बायोकेमिस्ट्रीत बॅक लागला. आता सोडून द्यायचं का?

नागपुरात निकालांचा हंगाम आला की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. नीटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, जमलं नाही म्हणून पोरीला बीएस्सीला टाकलं, बायोकेमिस्ट्री (सजीवांमधलं रसायनशास्त्र) घेतली, आता तीही झेपत नाही. काढून घ्यायचं का? आणि पुढे जाऊन त्यात होतं तरी काय?

अशाच एका मुलीची ही गोष्ट. तिला प्राची म्हणू. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. गाव ब्रह्मपुरीच्या बाजूला, घरी धानाची शेती. बारावीनंतर एक वर्ष ड्रॉप घेऊन नागपुरात क्लास केला, नीट दोनदा दिली, दोन्ही वेळा सरकारी सीटपासून लांब राहिली. मग बीएस्सी: बायोकेमिस्ट्री, केमिस्ट्री आणि मायक्रोबायोलॉजी. पहिल्या सेमिस्टरला मायक्रो चांगलं गेलं, केमिस्ट्री कशीबशी निघाली आणि बायोकेमिस्ट्रीच्या थिअरीत नापास, म्हणजे बॅक लागला.

ती माझ्याकडे समुपदेशनाला आली तेव्हा बाबा सोबत आले होते. बसल्या बसल्या म्हणाले, "सरळच सांगतो जी मॅडम. पोरगी काय करते म्हणून कोणी इचारलं अन् मी बायोकेमिस्ट्री म्हटलं, का समोरचा म्हणते, म्हंजे काय? मले बी सांगता येत नाही. त्यापेक्षा अजून एक ड्रॉप घेऊ द्या का?"

मी त्यांना चहाला खाली पाठवलं. मुलांशी पहिलं बोलणं मी एकट्यानेच करते. झोप, जेवण, रूमवर कोणाशी बोलणं होतं का, आणि जिवाचं काही बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हे थेट विचारते. प्राची नाही म्हणाली, आणि ते खरं वाटलं. 'हो' असतं तर अभ्यासाचा विषय तिथेच बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. रात्रीबेरात्री कोणाला तशी गरज वाटली तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तो मोफत आहे.

पुढच्या वेळी तिला प्रश्नपत्रिका घेऊन यायला सांगितलं. "विषय जमत नाही" हे वाक्य मी कधीच तसंच्या तसं धरत नाही. कोणता प्रश्न सोडला, कोणता लिहिला आणि त्यात काय लिहिलं, हे बघितल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नसतो.

पीएच (द्रावण किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) आणि बफर (पीएच फारसा बदलू न देणारं द्रावण) यांची गणितं तिने कोरी सोडली होती. कारण साधं होतं. दहावीनंतर गणित सुटलं, अकरावी-बारावीला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी), आणि लॉग (लॉगॅरिदम) म्हणजे काय हे नीट कोणी शिकवलंच नाही. नीटच्या क्लासमध्ये पर्याय बघून उत्तर काढायच्या युक्त्या मिळाल्या. बायोकेमिस्ट्रीत मात्र बफरचा पीएच काढायचं हेंडरसन-हॅसलबाल्कचं समीकरण पहिल्याच सेमिस्टरला गाठतं. माझ्या ओळखीचे केमिस्ट्रीचे एक निवृत्त सर आहेत, त्यांच्याकडे तिला पाठवलं. त्यांनी लॉगपासून सुरुवात केली. अॅसेटिक आम्लाचा पीकेए (आम्ल किती तीव्र ते सांगणारा आकडा) ४.७६. आम्ल आणि त्याचं क्षार-रूप सारखं असेल तर गुणोत्तर १, एकचा लॉग शून्य, म्हणून पीएचही ४.७६. क्षार दहापट केला तर दहाचा लॉग एक, म्हणून ५.७६. एवढं हातात आलं आणि बफरची भीती पुष्कळशी ओसरली. विषय अवघड होता हे खरं, पण अडलं होतं दहावीपाशी.

ग्लायकोलिसिसचं, म्हणजे पेशी साखर मोडून ऊर्जा काढते त्या प्रक्रियेचं, दुखणं वेगळं. दहाही पायऱ्या, दहाही एन्झाइमं तिला घडाघडा पाठ होती, तरी त्या प्रश्नाला मार्क नव्हते. चार पर्यायांतून बरोबर ते ओळखायची सवय लागली की "का ते स्पष्ट करा" म्हटल्यावर पेन थांबतो. नीटमधून आलेल्या बऱ्याच मुलांचं असं होतं, आणि ती स्वतःला मठ्ठ समजू लागतात.

त्या दिवशी बाबा शुगरची फाइल घेऊनच आले होते. मी विचारलं, "प्राची, बाबांची शुगर तपासायला रक्त राखाडी झाकणाच्या नळीत का घेतात?" (हे मला आमच्या लॅबवाल्यामुळे माहीत झालेलं, नाहीतर मी कलाशाखेची.)

"सोडियम फ्लोराइड असतं. ते इनोलेजला अडवतं," तिने लगेच सांगितलं. पाठ केलेली ओळ. इनोलेज हे ग्लायकोलिसिसमधलंच एक एन्झाइम.

"मग?"

ती थांबली. मग सावकाश बोलू लागली. लाल पेशींत मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) नसतात, त्यांची सगळी ऊर्जा ग्लायकोलिसिसवर. रक्त नळीत काढलं तरी त्या पेशी जिवंतच असतात आणि ग्लुकोज खात राहतात. फ्लोराइड नसेल तर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर घटते. इनोलेजला मॅग्नेशियम लागतं, ते फ्लोराइड अडकवून ठेवतं. इथे ती पुन्हा थांबली. "पण मॅडम, इनोलेज नववी पायरी आहे. साखर तर पहिल्या पायरीला खर्च होते. म्हणजे ती लगेच कशी थांबेल?"

लगेच थांबत नाहीच. पहिला तास-दोन तास साखर थोडी घटतच राहते, नंतर स्थिरावते. हे तिने घरी जाऊन पुस्तकात शोधलं. मला मात्र तिच्या शंकेतच हवं ते दिसलं. ती शंका कोणत्याही क्लासच्या नोट्समध्ये नव्हती.

बाबा ऐकत होते. "म्हंजे माही शुगर कमी दाखवते का?"

"खूश होऊ नका बाबा. एचबीएवनसी बी आहे ना फाइलमधी. तीन महिन्यांचं समजते त्याच्यात."

आता "होतं काय" या प्रश्नाचं उत्तर. नुसत्या बीएस्सीवर मिळणाऱ्या नोकऱ्यांचा पगार बेताचा असतो, हे मी बाबांना लपवलं नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायचं तर बहुतेक ठिकाणी डीएमएलटीसारखा (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) कोर्स मागतात. संशोधनाची, अध्यापनाची वाट बहुतेक एमएस्सीनंतर उघडते: सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, वर घरभाडं. बाहेरच्या मोठ्या संस्थांत एमएस्सी करायची तर जॅमचा (आयआयटींची एमएस्सी प्रवेश परीक्षा) बायोटेक्नॉलॉजीचा पेपर आहे, त्यात बारावीच्या पातळीचं गणित आणि फिजिक्सही येतं. म्हणजे लॉगपासून सुटका तिथेही नाही. नागपुरात निरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, कापूस संशोधन संस्था आहे, संत्र्यावर काम करणारी लिंबूवर्गीय फळांची संस्था आहे. तिथल्या प्रकल्पांत ठरावीक मुदतीच्या जागा निघतात. कायम नोकरी म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवू नये, पण खऱ्या प्रयोगशाळेत हात बसतो. आणि एमएस्सी केली तरी माणूस रुग्ण तपासणारा डॉक्टर होत नाही. हे बाबांना दोनदा सांगावं लागलं.

तिसऱ्या नीटबद्दल माझं मत स्पष्ट होतं. २०२२ पासून नीटला वयाची वरची अट उरली नाही, त्यामुळे दार कायमचं किलकिलं राहतं, आणि चालू शिक्षणातून लक्ष काढून घ्यायला तेवढी फट पुरते. नीट बहुधा मे महिन्यात असते, विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षाही त्याच सुमाराला. दोन्ही चालू ठेवणाऱ्या मुलांचं दोन्हीकडे अर्धवट राहताना मी पाहिलंय. नीट द्यायची तर ठरवून द्या. नसेल द्यायची तर तसं घरात बोलून टाका. हा निर्णय बॅक लागलेल्या आठवड्यात घेऊ नका, एक सेमिस्टर नीट शिकून मग घ्या, एवढंच मी दोघांना सांगितलं.

प्राचीचा बॅक पुढच्या परीक्षेत निघाला, थोडक्यातच. नीटचा फॉर्म तिने भरला नाही. ऑरगॅनिक केमिस्ट्री अजून छळते, त्याबद्दल सरांशी तिचे वाद चालू असतात. परवा बाबांचा फोन आला, या वेळी धाकट्यासाठी. तो बारावीत आहे आणि त्याला नीट द्यायचीच नाही म्हणतो. त्याला घेऊन या म्हटलं, पण आत तो एकटा येईल.